चौदावा लुई की प्रशियाचे आजोबा-नातू: अनियंत्रित राजसत्ता समजून घ्यायला कुणाला निवडाल?

युरोपातली अनियंत्रित राजसत्ता कशी मिळवली गेली आणि कशी टिकवली गेली, हे समजून घ्यायचं तर दहा राजे वरवर चाळण्यापेक्षा एकच घराणं घ्यावं आणि त्याच्या मुळाशी जावं, हे बहुतेकांना पटतं. अडतं ते पुढे: घराणं कुणाचं? आमच्या अभ्यासमंडळात एका हिवाळ्याचा विषय ठरवताना हाच पेच पडला होता आणि निवड माझ्या गळ्यात आली होती. एम.ए.चा निबंध असो, व्याख्यानमाला असो की नुसती हौस, शेवटी यादीत दोन नावं उरतात. एक फ्रान्सचा चौदावा लुई. दुसरं ब्रांडनबुर्ग-प्रशियाचं होहेनत्सोलर्न घराणं, म्हणजे ग्रेट इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला जर्मन राज्यकर्ता) फ्रेडरिक विल्यम (1640–88) आणि त्याचा नातू, राजा फ्रेडरिक विल्यम पहिला (1713–40). दोघांचं नाव एकच, म्हणून पुढे त्यांना आजोबा आणि नातू म्हणतो.

बाकीच्यांना का वगळलं ते थोडक्यात. रशियाचा पीटर द ग्रेट सत्ता मिळवण्याच्या प्रकरणात कुणाला ऐकणार नाही, पण टिकवण्याच्या प्रकरणात उणा पडतो. गादीचा वारस राजानेच नेमावा असा कायदा त्याने 1722 मध्ये केला आणि 1725 मध्ये कुणालाच न नेमता तो गेला. पुढे बराच काळ राजवाड्याच्या गार्ड पलटणींचा कौल निर्णायक ठरत राहिला. डेन्मार्कने 1665 मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता चक्क कायद्यात लिहून काढली, पण तेवढ्यावर हिवाळा निघत नाही. इंग्लंडचे स्ट्युअर्ट राजे हा हरलेल्यांचा अभ्यास आहे, आणि तो वेगळाच विषय.

सत्ता हाती कशी आली, या भागात लुई सहज बाजी मारतो. वाचायला सुरुवात केली की सोडवत नाही. पाचव्या वर्षाच्या आत गादी, दहाव्या वर्षी फ्रोंदचं, म्हणजे न्यायाधीश आणि सरदारांचं बंड, 1649 च्या जानेवारीत रातोरात पॅरिसमधून पलायन. 1651 मध्ये तर राजा पळाला तर नाही ना, हे बघायला पॅरिसचे लोक थेट त्याच्या शयनगृहात शिरले होते. पुढे 1661 च्या मार्चमध्ये मुख्यमंत्री माझारँ वारला आणि बावीस वर्षांच्या लुईने जाहीर केलं की यापुढे मुख्यमंत्री नेमणार नाही, कारभार स्वतः बघणार. त्याच वर्षी अर्थखात्याचा प्रमुख फूके याने व्हो-ल-व्हिकाँतच्या आपल्या नव्या वाड्यात राजाला डोळे दिपवणारी मेजवानी दिली. तीन आठवडेही झाले नाहीत तोच नाँतमध्ये त्याला अटक झाली. खटला तीन वर्षं चालला. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, राजाने ती वाढवून जन्मठेप केली. फूकेचा वास्तुरचनाकार, चित्रकार आणि बागकाम करणारा असा सगळा संच लुईने पुढे व्हर्सायच्या राजवाड्यासाठी उचलला. एवढा मसाला प्रशियात नाही, हे कबूल करायला हवं.

प्रशियातही असाच एक कैदी आहे, फक्त त्याच्या वाट्याला मेजवानी आली नाही. हिएरोनिमस रोट हा पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहराच्या नागरिकांचा पुढारी. प्रशियावरचं पोलंडच्या राजाचं अधिपत्य गेलं म्हणून आमचे जुने हक्क जात नाहीत, आमच्या संमतीवाचून कर नाही, असं तो म्हणत होता. 1662 मध्ये आजोबा सुमारे दोन हजार सैनिक घेऊन शहरात उतरले आणि रोटला पकडलं. माफी माग, सोडतो, असं त्याला सुचवलं गेलं. त्याने मागितली नाही. 1678 मध्ये तो पाइट्सच्या किल्ल्यात कैदेतच मेला.

हे दोन कैदी शेजारी ठेवून पाहा, असं मी सुचवेन. लुईने पहिल्या झटक्यात पकडला तो स्वतःचा खजिनदार. आजोबांनी पकडला तो जनतेचा प्रतिनिधी. दोघांना कशाची भीती होती, ते यावरून बरंचसं कळतं.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, तिच्याकडे येतो. लुईच्या सत्तेची कुठलीही कळ शोधायला जावं तर ती कुणीतरी आधीच विकत घेतलेली असते.

न्यायाधीश? पद विकत घेतलेलं. कर गोळा करणारा अधिकारी? तेच. 1604 पासून ‘पोलेत’ नावाची सोय होती: पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरा आणि पद मुलाच्या नावावर करा. आपल्याकडचं वतन ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढे समजावून सांगायला नको. लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने मोजणी करवली तेव्हा अशी पदं सुमारे 45 हजार निघाली. मग मी मोठ्या आशेने इंटेंडंटकडे, म्हणजे प्रांतांतल्या राजाच्या प्रतिनिधींकडे वळलो, कारण प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगतं की हे तीसेक अधिकारी मात्र राजाचे स्वतःचे, नेमलेले आणि हटवता येणारे. ते खरंच आहे. पण त्यांतले बहुतेक ज्या ‘मेत्र दे रकेत’ या राजदरबारातल्या न्यायविषयक पदावरून यायचे, ते पद विकत घ्यावं लागे. सैन्याकडे वळलो, तर कर्नलची पलटण आणि कॅप्टनची कंपनी खरेदीची. युद्धमंत्री लुव्हॉने मधली मेजर आणि लेफ्टनंट-कर्नल ही पदं विक्रीबाहेर ठेवली, एवढाच दिलासा. 1692 मध्ये युद्धाचा खर्च भागेना म्हणून शहरांचं महापौरपदही विक्रीला निघालं. त्या काळचा अर्थमंत्री पाँशार्त्रँ राजाला म्हणाल्याचं सांगतात, की महाराज नवं पद निर्माण करतात तेव्हा देव ते विकत घेणारा मूर्खही निर्माण करतो.

मंडळात मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक सदस्य मध्येच म्हणाले, “म्हणजे ही मुदत ठेवच झाली की. मुद्दल राजाने वापरलं, पगाराच्या नावाने व्याज देतोय. मुद्दल परत करायची ऐपत नाही, म्हणून ठेवीदाराला काढता येत नाही.” त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला वहीची बरीच पानं भरूनही साधलं नव्हतं. राजा कुणालाही तुरुंगात टाकू शकतो, पण एका सामान्य न्यायाधीशाची खुर्ची परत घ्यायची तर त्याला पैसे मोजावे लागतात. ही सत्ता मोठी नाही असं मी म्हणत नाही. पण ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे विचारलं की प्रत्येक प्रांतात वेगळं उत्तर मिळतं. लाँगदोकमध्ये प्रांतिक सभेशी वाटाघाट, ब्रिटनीत 1675 मध्ये मुद्रांक कागदावरच्या करावरून बंड आणि मग सैन्य. वाचणाऱ्याची दमछाक होते, आणि ही दमछाक ज्याला आवडते त्याने खुशाल लुई घ्यावा.

प्रशियात हिशेब उघडा पडलेला आहे. 1653 मध्ये ब्रांडनबुर्गच्या सभेने, म्हणजे सरदार आणि शहरांच्या प्रतिनिधींनी, आजोबांना सहा वर्षांसाठी 5 लाख 30 हजार थालर दिले. बदल्यात युंकर जमीनदारांना त्यांच्या कुळांवरचे अधिकार पक्के करून मिळाले. आपण वेठबिगार नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अनेक ठिकाणी कुळावरच आली. सौदा निर्दय आहे, पण निदान स्पष्ट आहे: काय दिलं, काय घेतलं, किंमत कुणी मोजली. सहा वर्षं संपायच्या आत उत्तरेत युद्ध पेटलं, त्या निमित्ताने आजोबा संमती न मागता कर घेत राहिले, आणि ब्रांडनबुर्गची ती पूर्ण सभा पुन्हा भरलीच नाही. शहरांवर त्यांनी वेशीवरची जकात बसवली, खेड्यांवर वेगळा कर. जकात रोज आपोआप येते, तिला दरवर्षी कुणाची संमती लागत नाही. जमीनदाराला तिची झळ नाही, म्हणून तो शहरांच्या बाजूने उभा राहिला नाही. वसुलीवर आणि हळूहळू शहरांच्या कारभारावरही कमिसारियेतची, म्हणजे सैन्याचा खर्च आणि पुरवठा बघणाऱ्या खात्याची माणसं बसली.

नातवाची गंमत और. 1713 मध्ये गादीवर येताच त्याने बापाचा दरबारी थाट जवळजवळ मोडीत काढला. राजघराण्याच्या जमिनी विकायच्या नाहीत असा हुकूम काढला आणि त्या खंडाने दिल्या. राज्याचं साधारण निम्मं उत्पन्न तिथून येई. पूर्व प्रशियातल्या सरदारांच्या जमिनींवरही कर बसवला तेव्हा त्यांनी सभेचा हवाला दिला. त्यावर त्याने लिहिलं की सभेचा वारा युंकरांकडेच राहू द्या, मी माझा मुकुट काशाच्या खडकासारखा पक्का रोवतो. 1723 पासून सगळा कारभार एका ‘जनरल डायरेक्टरी’खाली आला. तिच्यासाठी राजाने स्वतः लिहिलेल्या नियमांत मंत्र्याला बैठकीला तासभर उशीर झाला तर 100 डुकाटांचा दंड आहे. बैठक दुपारी लांबली तर जेवण तिथेच यायचं, निम्म्यांनी जेवायचं आणि निम्म्यांनी काम चालू ठेवायचं. असला राजा मला सहन झाला नसता, पण त्याचं राज्य कसं चालतं ते मला समजलं.

एक गोष्ट लपवत नाही. पदासाठी पैसे प्रशियातही द्यावे लागत. नातवाने ‘रेक्रूट खजिना’ काढला होता, नेमणूक हवी तर त्यात रक्कम भरा. त्याच्या लाडक्या उंचापुऱ्या शिपायांच्या भरतीवर ती उधळली जायची. पण तिथे पैसे भरून नोकरी मिळे, मालकी मिळत नसे. नोकरी राजाच्या मर्जीवर, आणि मुलाच्या नावावर होण्याचा प्रश्नच नाही. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे. कुणी म्हणेल मी त्याला वाजवीपेक्षा वजन देतोय. असेलही.

सरदारांना ताब्यात कसं ठेवलं यावर दोन्हीकडे मुबलक लिहिलं गेलंय. 1682 नंतर व्हर्सायमध्ये राजा उठताना कुणी हजर राहायचं, सदरा कुणी हाती द्यायचा, यासाठी चढाओढ लागे, आणि दरबारात तोंड न दाखवणाऱ्यासाठी कुणी रदबदली केली की ‘मी त्यांना ओळखत नाही’ एवढ्यावर विषय संपे. हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, मीही वाचलंय, आणि खरं सांगायचं तर कंटाळलोय. नातवाने सरदारांची मुलं कॅडेट शाळेत घातली, परक्या राजांची चाकरी बंद केली आणि 1733 मध्ये प्रत्येक पलटणीला भरतीसाठी आपला मुलूख नेमून दिला. गावात जो जमीनदार, तोच बऱ्याचदा पलटणीत अधिकारी. कूळ सुटणार कुठे?

दोन्ही गोष्टी एकत्र येतात अशी एकच जागा आहे आणि दोन्ही पक्षांना ती सारखीच उपयोगी पडते. 1685 च्या ऑक्टोबरमध्ये लुईने नाँतचा फर्मान रद्द करून प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. काही आठवड्यांतच आजोबांनी पॉट्सडॅमचा फर्मान काढून त्यांना आपल्याकडे बोलावलं. फ्रान्समधून दोनेक लाख माणसं गेली असं मानतात. त्यातली वीसेक हजार ब्रांडनबुर्गला आली, त्यांत विणकर होते, घड्याळजी होते, लष्करी अधिकारीही होते. एकाने सत्ता दाखवण्यासाठी माणसं घालवली, दुसऱ्याने ती वाढवण्यासाठी गोळा केली.

टिकाऊपणा मोजायची माझी रीत ढोबळ आहे. राजा मेल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय झालं ते बघायचं. लुई 1 सप्टेंबर 1715 ला गेला. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे तिथल्या उच्च न्यायालयाने, त्याचं मृत्युपत्र बाजूला सारून सगळी सत्ता ऑर्लेआँच्या ड्यूकला दिली. त्या बदल्यात, फर्मान नोंदवण्याआधी हरकत घेण्याचा जो हक्क लुईने 1673 मध्ये काढून घेतला होता, तो पंधरा सप्टेंबरला त्यांना परत मिळाला. बेचाळीस वर्षांची गप्प बसवणूक दोन आठवड्यांत निकालात. नातू 31 मे 1740 ला गेला. मागे सुमारे 80 हजारांचं सैन्य आणि तिजोरीत 80 लाखांच्या आसपास थालर शिल्लक, कर्ज नाही. बावीस-तेवीस लाख वस्तीच्या राज्याला हे झेपत होतं. डिसेंबरात त्याचा मुलगा, दुसरा फ्रेडरिक, त्याच सैन्यानिशी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशियात शिरला. एकाही सभेने हरकत घेतली नाही, घेणारी सभाच उरली नव्हती.

ही तुलना थोडी अन्यायाची आहे हे मान्य. फ्रान्सची लोकसंख्या दोन कोटी, जुन्या करारांनी बांधलेले प्रांत, आणि शेवटी पाच वर्षांचा पणतू गादीवर. नातवाच्या मागे अठ्ठावीस वर्षांचा तयार वारस होता, तोही त्याने 1730 मध्ये पळून जाताना पकडून, डोळ्यांदेखत मित्राचं डोकं उडवून तयार केलेला. शिवाय प्रशियाचं हेच यंत्र 1806 मध्ये नेपोलियनसमोर काही आठवड्यांत कोसळलं.

तेव्हा लुई कुणी घ्यावा? ज्याला चित्रं दाखवायची आहेत, ज्याच्या श्रोत्यांना व्हर्साय पाहून आल्याची आठवण आहे, किंवा ज्याला फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत जायचंय. 1789 च्या ऑगस्टमध्ये विक्रीची पदं रद्द झाली, तिथपर्यंत हा धागा सरळ नेता येतो. इंग्रजीतली साधनंही त्याच्यावर कितीतरी अधिक आहेत. प्रशियावरचं बरंचसं जर्मनमध्येच अडकून पडलंय आणि नावं उच्चारताना जीभ अडखळते, हे लक्षात ठेवा.

एवढं वाचूनही प्रशियाकडे कल असेल तर दोनच सूचना. सुरुवात युद्धांपासून करू नका, 1653 च्या त्या सौद्यापासून करा. पुढचं सगळं त्यातून उलगडतं. आणि दुसऱ्या फ्रेडरिकला 1740 च्या उंबरठ्यावरच थांबवा. तो आत आला की बासरी, व्हॉल्तेअर आणि सान्सुसीचा राजवाडा घेऊन येतो, आणि मग आजोबा-नातवांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.