जुळ्यांची सोनोग्राफी: मॅडम एक नंबर, वेटिंगचा वैताग

बायकोच्या पोटात जुळं आहे म्हणून बाराव्या आठवड्यात इथे स्कॅनला गेलो. अपॉइंटमेंट नावालाच, बसायला धड खुर्ची नाही, पार्किंगचं तर विचारूच नका. पण आत मॅडमनी जे समजावलं ना, तोड नाही! दोन पिशव्यांमधला पडदा स्क्रीनवर दाखवला, तो वारेला (म्हणजे प्लासेंटाला) चिकटतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वारा दोन, पातळ सरळ टी सारखा दिसला तर वार एकच आणि मग स्कॅन जास्त वेळा. आमचा त्रिकोण निघाला. सासूबाई लगेच, "म्हणजे एकसारखी नाहीत तर!" मॅडम म्हणे, "तसं नाही हो काकू, दोन बीजं दोन वेगळ्या शुक्राणूंनी फळली तर वारा दोन होतातच, पण एकच फळलेलं बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तरी दोन होतात, त्यानंतर दुभंगलं तर एक. एक मुलगा एक मुलगी असली तर दोन बीजांचीच समजा, पण ते बाळंतपणानंतर, इथे विचारायचं नाही."

रिपोर्ट लगेच हातात, फोटो पण क्लिअर. चार स्टार, एक वेटिंगचा कापला.