‘सगळ्याला बसतं’ म्हणाला तेव्हाच फोन ठेवायला हवा होता

छऱ्याची बंदूक घरीच दुरुस्त करायच्या किटापायी किती गेले, ती रक्कम आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. ६,४८० रुपये. त्यातले ३,१३० सामानाचे, २,९५० ते ‘परत मिळवताना’ गेलेले आणि ४०० डॉक्टरचे. कौल बदललं ते धरलेलं नाही, घरात जुनी होती.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची थोडी कलमं आहेत, काजू आहे. फेब्रुवारीत कैरी सुपारीएवढी झाली की वानरं उतरतात. घरात नळी मोडून भरायची छऱ्याची बंदूक आहे, साडेचार मिलिमीटरची, २०११ साली पावती करून घेतलेली. वानरावर मारत नाही, तो गुन्हा आहे आणि मारवतही नाही. मागच्या उताराला एक जुना पत्रा टांगलाय, त्यावर छर्रा बसला की खण्णकन आवाज होतो आणि कळप पुढच्या वाडीत जातो. पुढच्या वाडीवाले काय करतात ते त्यांचं ते जाणोत.

यंदा पावसाळाभर माळ्यावर राहिलेली बंदूक काढली तर छर्रा पत्र्याला नुसता टिचकी मारून खाली पडायला लागला. दुरुस्तीला कोल्हापूर. आंबा घाट चढून जायचं, दिवस मोडायचा, परत आणायला पुन्हा दिवस. विहिरीची मोटर, ग्रास कटर, मिक्सर मी तीस वर्षं घरीच उघडतोय. बंदुकीत असतं काय, एक स्प्रिंग, एक पिस्टन, त्याच्या तोंडाशी वॉशर. हत्यारं आणली तर जन्माची सोय, असा माझा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

मोबाईलवर जाहिरात आली. ‘एअरगन होम रिपेअर किट, २,९५० फक्त.’ स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर, पिना ठोकून काढायचे सहा पिन पंच, स्क्रू ड्रायव्हरचा संच, नवी स्प्रिंग, पिस्टनचं सील म्हणजे तोच वॉशर, ग्रीस आणि ‘स्पेशल एअरगन ऑइल’. फोन लावला. माणूस गोड. आमच्या बंदुकीचं मॉडेल सांगितलं तर पुरतं ऐकूनही न घेता म्हणाला, “हो सर, सील सगळ्याला बसतं.”

इथे. नेमकं इथे मला कळायला हवं होतं. सील बसतं सिलिंडरच्या आतल्या व्यासावर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर एक तर आत जात नाही, नाही तर हवा बाजूने निसटते. खरा दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘व्हर्नियरने मोजलंत का, किती भरलं?’ याने काहीच विचारलं नाही. आणि मी, जो मोटरच्या बेअरिंगचा नंबर वाचल्याशिवाय पैसे काढत नाही, तो खूश झालो की बरं, मोजायची कटकट वाचली! सौ. बाजूला काजूगर सोलत होती. ती म्हणाली, “अहो, चपलेलासुद्धा नंबर विचारतात.” मी तिला गप्प केलं. हे वाक्य आता मला दिवसातून दोनदा ऐकवलं जातं.

पैसे माल आल्यावर द्यायचे होते, म्हणून बिनधास्त होतो. पण कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय खोका फोडू देत नाही. १८० रुपये कुरिअरचे वेगळे, ते फोनवर सांगितलेच नव्हते. दिले. फोडताना व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून.

पहिल्या दिवशी तेलच वापरलं. हवेच्या भोकातून पाच-सहा थेंब सोडले, बार काढला. धाडकन आवाज, नळीतून निळसर धूर आणि पत्रा असा वाजला की कुत्रं कणगीमागे पळालं. मला वाटलं, आली ताकद! सौ.ला हाका मारून दुसरा बार दाखवला. आता कळतं ते काय होतं. पिस्टन सुटला की आतली हवा दाबून एकदम तापते आणि साधं खनिज तेल तिथे पेट घेतं. डिझेल इंजिनात होतं तेच. त्याने सील जळतं, स्प्रिंगला हिसका बसतो. ते ‘स्पेशल’ तेल म्हणजे शिलाई मशिनचं तेल होतं, वासावरूनच कळायला हवं होतं. हवेच्या खोलीत गेलंच तर सिलिकॉन तेल, तेही थेंबभर. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस. बाकी जे काय ‘स्पेशल’ असेल ते बाहेरच ठेवा.

चार बारांनंतर होती ती ताकदही गेली. मग उघडायला घेतली. पंचाने पिन ठोकली तर पिन जागेवर आणि पंचाचं टोक वाकडं. दुसऱ्याचं टोक मशरूमसारखं पसरलं. तिथे तरी थांबावं ना! पण खाज. खिळ्याचं डोकं कापून त्याने पिन काढली आणि बंदूक कॉम्प्रेसरमध्ये धरली. बंदूक भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते, मागचा ठोकळा सुटला की ती उसळते. म्हणून तर कॉम्प्रेसर. आमच्या कॉम्प्रेसरचा आटा दोन फेऱ्यांनी सैल सोडेपर्यंत टिकला, तिसऱ्या फेरीला चौकटीचा कान कट्ट करून तुटला. स्प्रिंग माझ्या अंगठ्याच्या मुळाला सोलून वर गेली आणि कौल फोडून पडवीत आली. दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, ४०० रुपये. स्प्रिंगसमोर तोंड नव्हतं एवढंच नशीब.

नाक्यावरच्या लेथवाल्या पोराला तुकडा दाखवला. त्याने लोहचुंबक लावलं, चिकटेना. “काका, ह्ये लोखंड नाय. जस्ताचं ओतकाम हाय, वरून काळा रंग.” पंच लोखंडाचे होते, पण कानस लावली तर लोण्यासारखी चालली. पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते. लोहचुंबक आणि कानस माझ्या घरात आहेत, त्याच खणात, जिथे हे किट ठेवलं होतं.

आता लाज वाटणारा भाग. फोन करून भांडलो. माणूस तितकाच गोड. “सॉरी सर, पूर्ण रिफंड देतो, कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. मीच मेहुण्याला सांगितलं होतं. पण अंगठा ठणकत होता, रागात होतो, आणि स्क्रीनवर २,९५० हाच आकडा दिसला, माझाच आकडा. टाकला. गेले.

बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “पिन तुम्हीच टाकलात ना?” हो, मीच टाकला. पण ज्या खात्यात गेले ते कुठल्या तरी बँकेतच आहे ना? त्याला कोणी कागद मागितले नसतील? “तुम्ही पोलिसांत जा.”

पोलीस ठाणं २२ किलोमीटर. पहिल्यांदा गेलो तर सगळे शिमग्याच्या बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “बंदूक? लायसन कुठाय?” मी म्हटलं, साहेब, पॉइंट १७७ बोअरच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या, आणि २० जूलच्या आतल्या ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, २०१६ चे शस्त्र नियम आहेत. “नियम आम्हाला शिकवू नका, बिल आणा.” फसवलेला मी, आणि खुलासा माझ्याकडूनच! तिसऱ्यांदा पावती घेऊन गेलो. ती झेरॉक्स त्यांनी पंच लावून फाईलला लावली, तो पंच मात्र मजबूत होता. तक्रारीचं विचारलं तर, “सहा हजारांसाठी कुठे फिरता काका, सायबरला अर्ज करा.” आठ तासांचा प्रवास झाला माझा एकूण, एसटीचं तिकीट वेगळं. माझ्या बाजूने एक चूक कबूल करतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन मी दोन दिवसांनी केला. पैसे गेल्या मिनिटाला करायचा असतो, पुढच्या खात्यातून निघायच्या आत. आणि बंदुकीची पावती जपून ठेवा, चोराला पकडायला नाही तरी स्वतःला सोडवायला लागते.

शेवटी कोल्हापूरच्या मिस्त्रींना फोन केला. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, तुमच्या बंदुकीला चामडी वॉशर आहे, ती सुकली असणार. योग्य तेल देऊन रात्रभर उभी ठेवली असती तरी भागलं असतं. उघडायचीच असेल तर सुताराचा लांब शिकंजा आणि लाकडी ठोकळा घ्या, तोंड बाजूला ठेवा. किटातलं सील त्यांच्या सांगण्यावरून मोजलं. सिलिंडरपेक्षा पूर्ण एक मिलिमीटर लहान. सगळ्याला बसतं म्हणे.

बंदूक गोणपाटात बांधून ठेवलीय, मे संपल्यावर घाट चढेन. वानरांना सध्या सौ. डबा वाजवून हाकलते. ते तेल मी ओटीच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. करकर थांबली.