बुसानचं पातबिंगसू: मार्क द्यायचे ते बीन्सला

बिंगसू म्हणजे कोरियन बर्फाचा गोळा असं आपल्याकडे सगळे सांगतात, मीपण तेच समजून गेलो होतो. तसं नाहीये. गोळ्यात सगळी मजा सरबताची असते, इथे मात्र बर्फ नुसता गादीसारखा खाली पसरलेला आणि खरा मान पातचा, म्हणजे साखरेत शिजवलेल्या बारक्या लाल बीन्सचा. साधारण लाल चवळीच्या जवळ जातात. हो, गोड कडधान्य. नाक मुरडू नका, पुरणपोळी आपणच खातो.

दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात गुकजे मार्केटच्या भागात पातबिंगसूची एक गल्लीच आहे, ओळीने छोटे छोटे स्टॉल, समोर बुटकी स्टुलं. बाईंना हाक मारायची ती 'इमो', म्हणजे चक्क मावशी! मी ज्या मावशींकडे बसलो त्यांच्याकडे हाताने फिरवायचं जुनं लोखंडी मशीन होतं, वर बर्फाची लादी अडकवायची, हँडल गरागरा फिरवायचं आणि खाली बोलमध्ये चुरा पडतो. त्यावर पातचा मोठा डाव, डब्यातली फ्रूट कॉकटेल, लाल-हिरवी जेली, तांदळाच्या चिकट केकचे तुकडे आणि शेवटी दूध. याला तिकडे येन्नाल, म्हणजे 'जुन्या काळचं' पातबिंगसू म्हणतात, काही ठिकाणी वर मिसुतगारू पण भुरभुरतात, ते भाजलेल्या धान्यांचं पीठ असतं, वास घेतला की थेट आजीच्या सातूच्या पिठाची आठवण.

बर्फ जाडाभरडा होता, दाताखाली करकर वाजत होता, त्याचा एक मार्क कापतो. पण पात! दाणा अख्खा दिसतो आणि जिभेने दाबला की विरघळतो, गोड बेताचं, मागून किंचित मिठाची चव. हे बीन्स आधी एकदा उकळून ते पाणी फेकून देतात म्हणजे तुरटपणा जातो, मग परत मऊ शिजवायचे आणि साखर त्यानंतरच, आधी घातली तर दाणे टणक राहतात. पुरणाची डाळ शिजायच्या आत गूळ घातलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको 😄

आता दुसरी बाजू. सुलबिंग ही मोठी चेनपण बुसानचीच, २०१३ ची. त्यांचं इंजोल्मी (म्हणजे तोच तांदळाचा चिकट केक) बिंगसू खाल्लं, त्यात पाण्याचा बर्फ नाही, गोठवलेलं दूधच किसतात त्यामुळे ते कापसासारखं लागतं, करकर औषधालाही नाही, वर भाजलेल्या सोयाबीनची पूड आणि त्याच पुडीत घोळवलेले इंजोल्मीचे चौकोनी तुकडे. मस्तच आहे, फक्त खाताना हसू नका, पूड नाकातोंडात जाते आणि समोरच्याच्या शर्टावर पण. टेक्स्चरला पूर्ण मार्क, पण अर्ध्या वाटेत मला पातची आठवण यायला लागली.

सोलमध्ये मात्र फसलो. एका चकाचक कॅफेत (नाव नको) आंब्याचा मनोरा घेतला, आंबा फ्रोझन, मधे आतपर्यंत बर्फच बर्फ आणि तळाला दोन चमचे डब्यातलं पात, गुळमट पाकासारखं. आपण आंब्याच्या गावचे, आपल्याला काय हे खपणार! वर माणशी एक ऑर्डर घ्यावीच लागेल म्हणाले, आम्ही दोघं, बोल घमेल्याएवढा, एक संपता संपेना. तसे शिला या महागड्या हॉटेलच्या, जेजू बेटावरच्या आंब्याच्या बिंगसूचे २०२५ मध्ये १,१०,००० वॉन होते, म्हणजे आपले साडेसहा-सात हजार रुपये, तिकडे मी फिरकलोच नाही, तेवढ्यात हापूसच्या पेट्या येतील.

शाकाहारी मंडळींसाठी: दूध, बीन्स, तांदूळ, काही अडचण नाही, फक्त जेली जिलेटिनची असू शकते, ती काढायला सांगा. आणि सगळं कालवायचं की थर थर खायचं यावर तिकडेपण वाद आहेत. मी हळूहळू वरून खात बसलो होतो तर मावशींनी माझ्या हातातला चमचा घेतला, चार वेळा खालून वर ढवळलं आणि काही न बोलता परत दिला. त्यानंतरचा घास जास्त चांगला लागला हे कबूल.

थंडीत त्या गल्लीत गरम दानपातजुक मिळतं, याच बीन्सची गोड खीर. डिसेंबरचं तिकीट बघतोय.