ऑन्टारिओतला इलेक्ट्रोमेकॅनिकल डिप्लोमा : दोन सेमिस्टरनंतर

भोसरीत (पुण्याजवळच्या एमआयडीसीत) तीन वर्षं मेंटेनन्सला होतो. काळी वायर दिसली की हात तिला न्यूट्रल समजूनच पकडतो. इथल्या लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात तेच केलं. कॅनडात थ्री फेजच्या वायरी लाल, काळी, निळी आणि न्यूट्रल पांढरी. नशीब, सरांनी जोडणी तपासल्याशिवाय सप्लाय देत नाहीत.

मी दोन वर्षांचा टेक्निशियन डिप्लोमा करतोय (तीन वर्षांचा टेक्नॉलॉजिस्टचा वेगळा). आपल्याकडे पॉलिटेक्निक केलं असेल तर पहिल्या सेमिस्टरची थिअरी म्हणजे उजळणीच. पण सवयी मोडाव्या लागतात. सप्लाय 60 हर्ट्झचा, म्हणून चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग (सप्लायच्या हर्ट्झवर ठरणारा) मिनिटाला 1500 फेरे नाही, 1800. कारखान्यात 415 ऐवजी 600 व्होल्ट. मापं इंच-पौंडांत. लॅडर ड्रॉइंगमध्ये, म्हणजे शिडीसारख्या काढलेल्या सर्किटच्या नकाशात, काँटॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचची) कॉइल म्हणजे नुसतं वर्तुळ; आठवडाभर मी तो इंडिकेटर लॅम्पच समजत होतो.

पैसे वसूल होतात ते फॉल्ट शोधायच्या तासाला. सर पॅनलमध्ये गुपचूप एक दोष करून ठेवतात. हातात ड्रॉइंग आणि मल्टिमीटर, बस. माझ्या वाट्याला आलेली मोटर हिरवं बटण दाबून धरलं तरच चालायची, बोट काढलं की बंद. भोसरीत आम्ही सरळ काँटॅक्टर बदलला असता आणि चहाला गेलो असतो. इथे पार्ट बदलायची परवानगी नाही. कुठे किती व्होल्ट मिळाले ते लिहून दाखवायचं. दीड तासाने सापडलं : होल्डिंग काँटॅक्टची (बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवतो तो) एक वायर भलत्याच टर्मिनलला होती.

लॉकआउटही आवडलं, म्हणजे कामाआधी सप्लाय बंद करून त्याला कुलूप घालणं. पॅनलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. आमचा जुना वायरमन फ्यूज काढून खिशात ठेवायचा. विचार तोच, पण दुसरा फ्यूज कुणीही आणून लावू शकतो.

आता तक्रार. पीएलसीच्या (यंत्रं चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) एका बेंचवर आम्ही चार जण. जो लॅपटॉपसमोर बसतो तो शिकतो, बाकीचे माना डोलावतात. ऑफिसात सांगून पाहिलं, नुसतं हसून ‘बघतो’ म्हणाले. परदेशी विद्यार्थ्याची फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट, तेव्हा हे टोचतं. सेमिस्टर चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं, त्यात फी निघत नाही. घरून पैशांची सोय नसेल तर येऊ नका.

आणखी एक. कोर्सच्या नावात ‘इंजिनिअरिंग’ असलं तरी ऑन्टारिओत परवाना नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही. गावाकडे मामांनी सगळ्यांना सांगून टाकलंय, तो भाग वेगळा. बीई झालेल्यांना हा डिप्लोमा पायरी उतरल्यासारखा वाटेल. हातात पाना धरायची आवड असेल तरच विचार करा.

पुढच्या सेमिस्टरला पीएलसीची लॅब सकाळी आठला आहे. मी पावणेआठला जाऊन लॅपटॉपसमोरची खुर्ची धरणार आहे.