नात्यातलं दत्तक की संस्थेतलं?

दत्तक घ्यायचं म्हटलं की पहिला सल्ला घरातूनच येतो. "बाहेर कशाला जाता? थोरल्याला तीन आहेत की." दादा बार्शीला, त्याचा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा. इकडे 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरही आम्ही नाव टाकून ठेवलं होतं. वर्षभर दोन्ही डगरींवर हात. त्यामुळे खाली लिहिलंय ते आमच्या घरचं. तुमची माणसं वेगळी असू शकतात.

कागदपत्रांचं बघाल तर नात्यातलं फारच सोपं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे जन्मदात्यांनी मूल द्यायचं, आपण घ्यायचं. दत्तहोमाचा धार्मिक विधी केलाच पाहिजे असं नाही. दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवायचं. आमच्या वकिलांनी आठवड्याभराचं काम सांगितलं होतं.

संस्थेचा रस्ता लांबचा. गृहभेट अहवालाचे 6,000, मूल घेताना संस्थेला 50,000. समाजसेविका आल्या त्या चहा पिऊन लगेच उठल्या नाहीत. सासूबाईंचं मत काय, दोघं कामावर गेल्यावर मुलाजवळ कोण, सगळं विचारलं. गच्चीचा कठडाही बघून गेल्या. मग वाट बघणं. आमची तीन वर्षं गेली. एक सांगतो, ठरलं नसलं तरी नोंदणी करून टाका. नोंदणीच्या दिवशी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर असेल, तर दोन वर्षांखालचं मूल मिळत नाही.

(दवाखान्यातली ओळख, थोडाफार खर्च, असा तिसरा रस्ता सांगणारेही भेटतील. पैसे देऊन मूल घेतलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विषय संपला.)

तर त्या वर्षी आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला दादाचा धाकटा आठ दिवस आमच्याकडे ठेवला. सवय होते का बघू, म्हणून. पहिल्या संध्याकाळी वहिनीचा फोन. "आमच्या बाळाला दुधात साखर घालू नका हं." दुसऱ्या दिवशी, होम मैदानावर धूळ असते, टोपी घातली का? तिसऱ्या दिवशी, झोपताना उजव्या कुशीवर. चूक काहीच नव्हती त्यात. वहिनीच्या जागी मी असतो तर मीही फोन केलेच असते. पण पाचव्या दिवशी फोन ठेवून बायको म्हणाली, "याला ताप आला तर डॉक्टरच्या आधी बार्शीला विचारावं लागणार." दोघंही हसलो. नंतर रात्रभर मला ते 'आमच्या बाळाला' ऐकू येत राहिलं. असं दत्तक एकदा झालं की कायद्याने रद्द होत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याने फोन थोडेच थांबणार होते?

आईला धास्ती उलटी होती. संस्थेतलं मूल, पुढे कोणी मागायला आलं तर? मूल संस्थेकडे सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचाराला 60 दिवस असतात. मग बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर करते, त्यानंतरच ते आपल्यापर्यंत येतं. हे तिला तीनदा समजावलं. पटलं का, कोण जाणे. पण लेक घरी आल्यावर तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

लेकीची माहिती पोर्टलवर आली तेव्हा होय म्हणायला 48 तास होते. आम्हाला इतके लागले नाहीत. पूर्वी कोर्टाचा आदेश लागायचा, सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. आमचा तसाच झाला. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणीला माणूस येतो. तेवढं चालतं. तो साखरेचं विचारत नाही.

ज्यांच्याकडे भावाभावांत मोकळेपणा आहे आणि दोन्ही घरं लांबच्या गावी आहेत, त्यांना नात्यातलं जमतही असेल. आमचं बार्शी सत्तर किलोमीटरवर.

दादाचा धाकटा आता दुसरीत आहे. दरवर्षी गड्ड्याला येतो, माझ्या लेकीला शेजारी घेऊन पाळण्यात बसतो. वहिनीचा फोन येतोच, टोपी घातली का म्हणून. आता मी मजेत सांगतो, घातली.