पंचनाम्याला आलेला माणूस

२८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, कायो कोस्टा बेटापाशी धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १५० मैल होता. आमचं घर फोर्ट मायर्सला. वादळात आम्ही वाचलो. फसलो ते तिसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, स्वतःच्या ड्राइव्ह-वेवर उभं राहून.

वीज नव्हती, फोनची रेंज येऊन-जाऊन. छपराचे मागच्या बाजूचे शिंगल्स उडाले होते, बेडरूमच्या छताला ओल आली होती. गॅरेजात वीतभर पाणी शिरून गाळ ठेवून गेलं होतं. लनाईची, म्हणजे जाळीबंद ओसरीची, जाळी मोडून शेजाऱ्याच्या झाडात अडकलेली. अशात एक पिकअप येऊन थांबला. पोलो शर्टातला पंचविशीतला मुलगा उतरला आणि त्याने आधी काय दिलं, तर बर्फाची पिशवी. तीन दिवसांनी हाताला काही गार लागलं होतं. पुढचं सगळं त्या पिशवीने सोपं केलं.

मी मूळचा श्रीवर्धनचा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात आमच्या तिथल्या घराचे पत्रे गेले, तेव्हा तलाठी आले, पंचनामा केला, आईने सही केली. वादळानंतर कागद घेऊन कोणीतरी येतं आणि आपण सही करायची, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की हा पोरगा विमा कंपनीचा आहे का, हे विचारायचंही सुचलं नाही. त्यानेही तसं सांगितलं नाही. "सर, इन्स्पेक्शन फ्री आहे. वर चढायची परवानगी लागते, तेवढी सही करा." आयपॅडवर बोटाने सही केली. ऊन इतकं होतं की स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता, अक्षर एकही नाही.

ती परवानगी नव्हतीच. ते 'असाइनमेंट ऑफ बेनिफिट्स' होतं. म्हणजे माझ्या क्लेमचे पैसे मागण्याचा आणि घेण्याचा हक्क मी त्या मुलाच्या छपरं दुरुस्त करणाऱ्या कंपनीला देऊन टाकला होता. हप्ते मी भरायचे, छप्पर माझं, पण चेक त्यांच्या नावाने. कायद्याने त्या कागदावर ठळक मोठ्या अक्षरांत सूचना असावी लागते, की तुम्ही पॉलिसीतले काही हक्क तिसऱ्याला देत आहात आणि १४ दिवसांत हे रद्द करता येतं. सूचना होती. माझी प्रत ईमेलने आली, आणि ती मी उघडली एकविसाव्या दिवशी.

आता माझ्या अडाणीपणाबद्दल, कारण त्याशिवाय त्याचं फावलं नसतं. मी नऊ वर्षं हप्ते भरले, पण पॉलिसीचं पहिलं पान, ज्याला डेक पेज म्हणतात, नीट वाचलं नव्हतं. माझा समज होता की डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी आपण सोसायचा हिस्सा, अडीच हजार डॉलर. त्या पानावर दोन ओळी असतात. 'ऑल अदर पेरिल्स' समोर २,५०० लिहिलं होतं, ते आग, फुटलेला पाइप वगैरेंसाठी. त्याच्या खाली 'हरिकेन', आणि समोर फक्त २%. मला वाटलं नुकसानीच्या २%. ते असतं घराच्या विमा रकमेच्या २%. घर ४ लाखांचं धरलेलं, म्हणजे पहिले ८,००० डॉलर माझे. काहींच्या पॉलिसीत ५ किंवा १० टक्केही असतात. हप्ता कमी दिसतो म्हणून घेतात. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की फ्लोरिडात हे डिडक्टिबल कॅलेंडर वर्षात एकदाच लागतं, प्रत्येक वादळाला नवं नाही.

हे त्या मुलाला पाठ होतं. मी "अडीच हजार" म्हटल्यावर तो हसला, आठ हजारांचा हिशेब सांगितला, आणि माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाला, "काळजी नको, डिडक्टिबल आम्ही माफ करतो." काँट्रॅक्टरने असं माफ करणं फ्लोरिडात गुन्हा आहे, साधासुधा नाही, फेलनी. मला तेव्हा तो देवमाणूस वाटला.

गॅरेजातल्या पाण्याबद्दल विचारलं, तर म्हणे, "तेही बसवू क्लेममध्ये." कुठलं बसतंय! छप्पर फुटून वरून आलेला पाऊस घराच्या पॉलिसीत येतो. उधाणाने जमिनीवरून चढत आलेलं पाणी येत नाही, वादळ तेच असलं तरी. त्याला पुराची वेगळी पॉलिसी लागते. सरकारी योजनेत घरासाठी कमाल अडीच लाख आणि सामानासाठी १ लाख डॉलर, आणि साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू. वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर धावून उपयोग नाही. आम्ही 'एक्स' झोनमध्ये, म्हणजे नकाशावर पुराचा धोका कमी असलेल्या भागात, बँकेने सक्ती केली नाही, एजंटने "ऐच्छिक आहे" म्हटलं, आणि ऐच्छिक म्हणजे अनावश्यक असं मी समजलो. वॉशर, ड्रायर, पाण्याची मोटर, भारतातून आणलेली पुस्तकं, सगळं माझ्या खात्यावर. लनाईची जाळीही पॉलिसीतून वगळलेली निघाली. पुष्कळांच्या वगळलेली असते, बघून घ्या.

मुलाने त्या दिवशी छपरावर निळी ताडपत्री ठोकली आणि गेला. मग कंपनीने विम्याकडे ५८,००० चं एस्टिमेट पाठवलं. विमा कंपनीच्या ॲडजस्टरने, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या माणसाने, नुकसान धरलं २७,०००. पहिला चेक पूर्ण येत नाही: छपराच्या वयाची घट ९,००० कापली, डिडक्टिबलचे ८,००० कापले, राहिले १०,०००. ते छपरवाल्यांकडे गेले, आणि मला कळलं ते विमा कंपनीच्या पत्रातून. मी फोन केला की काम सुरू करा. उत्तर: "आमचा विमा कंपनीशी वाद चालू आहे, पूर्ण पैसे आल्याशिवाय सुरू करता येत नाही." मागोमाग बिल आलं, डिडक्टिबलचे ८,०००. माफीचं काय, विचारलं. असं काही लेखी आहे का, त्यांनी विचारलं.

सात महिने ताडपत्री. ती वाऱ्याने फाटली, पुढच्या पावसात बेडरूमचं छत खाली आलं. विमा कंपनी म्हणाली, हे वादळाचं नुकसान नाही, घर सांभाळणं तुमची जबाबदारी होती. आईचा दर रविवारी फोन, "पत्रे घातलेस का रे?" तिकडे श्रीवर्धनचं घर कधीच दुरुस्त झालं होतं.

शेवटी वकील केला. असाइनमेंट सुटलं. ताडपत्रीचे ३,९०० कापून घेऊन छपरवाल्या कंपनीने ६,१०० परत केले. दुसऱ्याकडून छप्पर करून घेतलं, त्याचं बिल दाखवल्यावर विम्याने अडवलेले ९,००० सोडले. वकिलाचे २,५००, ताडपत्रीचे ३,९००, बेडरूमच्या छताचे ३,२००: बर्फाची ती पिशवी मला ९,६०० डॉलरला पडली. पुराचं नुकसान यात धरलेलं नाही.

१ जानेवारी २०२३ पासून निघालेल्या पॉलिसींवर फ्लोरिडात हा हक्क असा लिहून देता येत नाही. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ते बंद झालं. पण आयपॅड बंद झालेले नाहीत. आता दुसऱ्या नावाचे कागद पुढे येतात: चेक थेट आम्हालाच पाठवा असं विम्याला सांगणारे, किंवा क्लेम मंजूर झाला तर काम आम्हालाच द्यायचं असं तुम्हाला बांधून घेणारे. नुकसान दिसलं की आधी स्वतः विमा कंपनीला फोन करा, क्लेम नंबर घ्या, फोटो काढा, ताडपत्रीची पावती ठेवा. काँट्रॅक्टरचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. विमा कंपनीशी वाद झालाच तर राज्याच्या वित्त सेवा खात्याची मध्यस्थी आहे, तिचा खर्च विमा कंपनी देते. मला हे वकिलाकडे पहिली फी भरून झाल्यावर कळलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळ येऊन गेल्यावर दोन दिवसांनी पुन्हा एक पिकअप गल्लीत फिरत होता. बायको दारात गेली आणि परवाना क्रमांक मागितला. तो गाडीत राहिलाय, आणतो, म्हणाला.

डेक पेज आता फ्रिजवर लावलंय. या वर्षी नूतनीकरणात घराची रक्कम न विचारता ४ लाख ६० हजार झाली आहे. २% ची ओळ तशीच आहे, म्हणजे आता ९,२००.