आठ महिने ग्रेलिस्टिंग: पाच मिनिटे नेमकी कोणाच्या घड्याळाची?

गेल्या महिन्यात, विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दहा मिनिटांत कालबाह्य होणारा ओटीपी माझ्या ईमेल-पेटीत सत्तेचाळीस मिनिटांनी पोहोचला. दोष पाठवणाऱ्याचा नव्हता. आमच्याच सर्व्हरवर मी हौसेने बसवलेल्या पोस्टग्रेचा, म्हणजे अनोळखी प्रेषकाचे पत्र आधी थोडा वेळ परतवणाऱ्या (ग्रेलिस्टिंग करणाऱ्या) प्रणालीचा होता.

कार्यालयात सहा जणांच्या पेट्या आहेत आणि दिवसाला जेमतेम शंभर पत्रे येतात. तेवढ्यासाठी दर पेटीमागे मासिक भाडे मोजणे माझ्या जिवावर आले, म्हणून एका लहानशा सर्व्हरवर पत्रांची ने-आण करणारे पोस्टफिक्स, स्पॅम गाळणारे स्पॅमअ‍ॅसॅसिन आणि पोस्टग्रे असा संसार थाटला. पहिले काही आठवडे मी ग्रेलिस्टिंगवर अक्षरशः खूश होतो. सर्व्हर, प्रेषक आणि प्राप्तकर्ता हे त्रिकूट प्रथमच दिसले की ‘४५०, नंतर या’ असे सांगून दार लोटायचे, ही इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली युक्ती दिसायला बाळबोध आहे. पण लाखो पत्रे घाईने फेकणारा बॉट सहसा परत येत नाही आणि रीतसर सर्व्हर येतो, एवढ्यावरच ती चालते. पत्राचा मजकूर वाचावाही लागत नाही.

अडचण त्या पाच मिनिटांत आहे. परतवलेले पत्र पुन्हा आल्यास स्वीकारण्यापूर्वीची पोस्टग्रेची ती मूळ मुदत म्हणजे केवळ किमान मर्यादा असते. पत्र पुन्हा कधी पाठवायचे हे समोरचा सर्व्हर ठरवतो, आणि ईमेलच्या मानक नियमावलीतच पुढच्या प्रयत्नापूर्वी किमान तीस मिनिटे थांबावे अशी शिफारस आहे. त्या दिवशीच्या लॉगमध्ये पहिला प्रयत्न ११:०२ ला होता, दुसरा ११:०६ ला, म्हणजे मुदतीला एक मिनिट उरले असताना, आणि तिसरा थेट ११:४९ ला. त्या एका मिनिटाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

‘ग्रेलिस्टिंग काढून टाका’ असा निकाल देऊन हा मजकूर मी अर्धा लिहून ठेवला होता. मधल्या तीन आठवड्यांत प्रत्येक पत्राला संशयाचे गुण देणारे आरस्पॅमडी बसवले आणि मत बदलावे लागले. त्याच्या मूळ मांडणीत चार गुणांपासून पुढच्या संशयित पत्रांनाच थांबवले जाते, सहा गुणांना स्पॅमचा शिक्का बसतो आणि पंधराला पत्र नाकारले जाते. डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल, सही जुळणारे साधे ओटीपी-पत्र चारपर्यंत जातच नाही. म्हणजे युक्ती वाईट नव्हती. आल्यागेल्या प्रत्येकाला उंबऱ्यावर उभे करण्याचा माझा हट्ट वाईट होता.

पत्रांचे नमुने दाखवून शिकवायच्या बेझ गाळणीबाबत मात्र तक्रार यंत्राची नाही, माणसांची आहे. ती दोनशे स्पॅम आणि दोनशे खरी पत्रे शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी स्वतः नाव नोंदवून मागवलेली वार्तापत्रे कंटाळा आला की स्पॅममध्ये ढकलत. परिणामी बँकेची परिपत्रकेही तिकडे जाऊ लागली, तेव्हा सर्व शिकवण पुसून पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांची स्पॅमहाउसची यादी वापरणाऱ्यांनी गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेमार्फत) विचारणा करू नये, एवढे जाता जाता सांगतो. तेथून उत्तराऐवजी त्रुटीचा संकेत येतो, आणि नियम ढिलाईने लिहिलेला असेल तर तो संकेत ‘यादीत आहे’ असा वाचला जाऊन चांगली पत्रेही परत जातात. सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस-शोधक बसवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

‘तुमचे संकेतस्थळ पहिल्या पानावर आणू’ अशी मोठ्या फुकट सेवांच्या खात्यांवरून येणारी पत्रे अजूनही आत येतात. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या प्रेषकाच्या ओळखीच्या तपासण्यांत त्यांचे सारे चोख असते, आणि ग्रेलिस्टिंगने थांबवले तरी ती सेवा शिस्तीत परत येते. सही पाठवणाऱ्याचे डोमेन सिद्ध करते, त्याचा हेतू नव्हे. सध्या अशी पत्रे दिवसाला दोन-तीन येतात आणि ती हाताने पुसण्यास माझी हरकत नाही.

सर्व्हरचे पुढील वर्षाचे भाडे भरले आहे. कराच्या ओटीपीसाठी मात्र मी दुसरीकडचा फुकट पत्ता देऊन ठेवला आहे.